विदूषकाची विचारपूस

गेल्या चैत्रात आमचा दोन दिवसांचा मुक्काम कामथडीस होता. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नसरापूर मागे टाकले की कापूरहोळच्या वाटेवर हे गाव लागते. आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब नोकरीच्या निमित्ताने तेथे राहावयास गेले आहे. त्यांच्या नव्या घराला आशीर्वाद द्यावयाचा होता. प्रार्थना, जेवणखाण आटोपल्यावर मुलांनी दूरदर्शन संचावर 'अशी ही बनवाबनवी' लावला. 1988 चा हा चित्रपट. पाहणाऱ्या मुलांपैकी एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता. तरीही त्यांना त्यातील संवाद मुखोद्गत होते. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा परशा साडी नेसून पार्वती झाला, तेव्हा घरातील आजीबाईंपासून शेंडेफळापर्यंत सारे पोट धरून हसले. शेजारचे एक वृद्ध गृहस्थही येऊन बसले होते. सगळे त्यांना आण्णा म्हणत. तेही हसत होते, मधूनच एखादी कोटी करून इतरांना हसवीत होते.

चित्रपट संपल्यावर घरातल्या मुलाने विचारले, "फादर, लक्ष्याचा आणखी कुठला पिक्चर बघू?" आम्ही म्हणालो, "एक होता विदूषक." त्याने ते नावही ऐकलेले नव्हते. दुसऱ्या रात्री तो चित्रपट लावला. तासाभरात मुले एकेक करून उठून गेली. आण्णा मात्र शेवटपर्यंत बसून राहिले. त्यांनी जाताना जे उद्गार काढले, त्यांच्याकडे आम्ही पुढे येऊच. प्रस्तुत लेखाचे निमित्त ते उद्गार आहेत. मुले का उठून गेली आणि म्हातारा का बसून राहिला, हा प्रश्न त्या रात्रीपासून आमच्या मनात घर करून आहे.

'एक होता विदूषक' हा 1992 सालचा चित्रपट. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची निर्मिती, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, पु. ल. देशपांडे यांचे लेखन, ना. धों. महानोर यांची गीते आणि आनंद मोडक यांचे संगीत, अशी मातब्बर मंडळी या एका कृतीसाठी एकत्र आली. 1953 च्या 'गुळाचा गणपती'नंतर जवळजवळ चार दशकांनी पु. लं.नी पुन्हा चित्रपटासाठी लेखणी हाती घेतली होती. त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला, आणि त्यातील नृत्यरचनेसाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांचाही राष्ट्रीय सन्मान झाला. एवढे सारे असून प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

चित्रपटाच्या नावापासूनच आरंभ करू. आपल्या आजीच्या गोष्टी 'एक होता राजा' अशा सुरू होत. गोष्ट राजाची असते. विदूषक तिच्यात तोंडी लावण्यापुरता. संस्कृत नाटकांतही हाच रिवाज दिसतो. 'शाकुंतला'तील माढव्य दुष्यंताचा जिवलग सखा खरा; परंतु राजाच्या प्रेमाची गोष्ट ऐन रंगात येते, तेव्हा त्याची राजधानीकडे बोळवण होते, आणि शकुंतलेविषयी बोललो ते सारे थट्टेचे होते, असे राजा त्याला बजावतो. 'मृच्छकटिका'तील मैत्रेय चारुदत्ताच्या दारिद्र्यातही त्याची साथ सोडीत नाही. पण मैत्रेयाच्या स्वतःच्या संसाराचे काय, हे आपणांस कुणी सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही. विदूषकाला सुखदुःख असते ते दुसऱ्याचे. पु. लं.नी 'राजा'च्या जागी 'विदूषक' हा शब्द ठेवला आणि हजार-दीड हजार वर्षे राजाजवळ बसलेल्या त्या माणसाला प्रथमच विचारले : बाबा रे, तुझी गोष्ट काय?

आबूराव हा तमाशाच्या फडात जन्मलेला. त्याची आई मंजुळा कलावंतीण आहे. ही भूमिका मधू कांबीकर यांनी केली आहे. मुलाच्या अंगी उपजत सोंगाड्याची कला आहे. तमाशात गण-गौळण झाली की बतावणी, आणि बतावणीचा राजा सोंगाड्या. त्याच्या हाती ना पुस्तक, ना लिहून दिलेले भाषण. समोरच्या माणसांत कोण बसले आहे ते पाहून तो जागच्या जागी विनोद रचतो. पाटलापासून सरकारपर्यंत कुणाचीही टोपी उडविण्याची त्याला मुभा असते. ही कला घेऊन आबूराव फडातून चित्रपटसृष्टीत जातो. तेथे कीर्ती मिळते, पैसा मिळतो, मेनका नावाची देखणी नटी (वर्षा उसगांवकर) त्याच्या आयुष्यात येते. पुढे राजकारणी मंडळींनाही त्याच्या लोकप्रियतेचा मोह पडतो. मोहन आगाशे यांनी उभा केलेला मुख्यमंत्री पाहताना 'सिंहासन'कर्त्या दिग्दर्शकाचा हात ओळखू येतो. पायऱ्या चढत जाणारा हा माणूस एके दिवशी थांबून मागे पाहतो, तो आपण कशासाठी चढलो हेच त्याला आठवत नाही. त्याची स्वतःची मुलगी जाई हसत नाही. सारा महाराष्ट्र ज्याच्या नुसत्या दर्शनाने हसतो, त्याच्या घरात एक लहान मूल न हसता बसलेले आहे. तिला हसविण्याची त्याची धडपड हाच चित्रपटाचा गाभा. शेवट आम्ही येथे सांगणार नाही. तो ज्याने त्याने पाहावा.

डॉ. जब्बार पटेल हे व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. आपल्याच पुणे जिल्ह्यात दौंडला त्यांनी अनेक वर्षे वैद्यकी केली. न हसणारे मूल हे कशाचे लक्षण असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसावे. चित्रपटभर भोवताली सत्ता, पैसा, प्रसिद्धी यांचा एवढा कोलाहल असताना अखेरची कसोटी एका लेकराच्या चेहऱ्यावर लावावी, हे सुचण्यामागे तो दवाखाना असावा असे आम्हांस वाटते.

आता मुख्य मुद्दा, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या अभिनयाचा. 26 ऑक्टोबर 1954 रोजी मुंबईत जन्मलेला हा नट मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता रंगभूमीवर आला. पुरुषोत्तम बेर्डे यांच्या 'टूरटूर' या नाटकाने त्याला नाव दिले. 'धूमधडाका'ने 1985 मध्ये त्याला चित्रपटात बस्तान बसवून दिले. 1989 च्या 'मैंने प्यार किया'ने हिंदी मुलखातही ओळख मिळवून दिली. त्याची शैली सर्वांच्या परिचयाची आहे : शब्दांचा धबधबा, क्षणात वर चढणारा आवाज, भुवयांचा नाच, सगळे अंग बोलते आहे असा वेग. हा वेगच त्याचे भांडवल होते. प्रेक्षकाला विचार करावयास उसंत मिळाली तर विनोद सांडतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

आबूराव करताना त्याने हे भांडवल बाजूला ठेवले, असे कित्येकांनी म्हटले. आम्हांस ते पटत नाही. पुन्हा पाहताना लक्षात आले की त्याने ते सारे सोबत घेतले आहे. फक्त ते कुठवर पोहोचते ते दाखविले आहे. आबूराव घरातही कोटी करतो, एकांतातही सोंग काढतो. ती त्याची सवय आहे, जसा सुताराचा हात रिकामा असला तरी लाकूड चाचपतो. पण फडात त्या कोटीला समोरून उत्तर येत असे, हशा येत असे. येथे ती भिंतीवर आपटून परत येते. ती परत आल्यावर चेहऱ्यावर जे एक क्षणभर उरते, ते लक्ष्मीकांतने फार संयमाने दाखविले आहे. तो रडून दाखवीत नाही. डोळ्यांतले हसू थोडे उशिरा विझते, एवढेच. गंभीर भूमिका मिळाली की विनोदी नट पुष्कळदा आवाज खर्जात नेतात आणि चेहरा लांब करतात. 'पाहा, मलाही रडविता येते' हा त्यामागील अट्टाहास लपत नाही. लक्ष्मीकांतने तो मोह टाळला. म्हणूनच आबूरावाचे भरकटणे खरे वाटते. हेतू हरवलेला माणूस बहुधा हताश होऊन बसत नाही. कालचेच काम आजही तितक्याच उत्साहाने करीत राहतो. आपल्याला काही झाले आहे याचा पत्ता त्याला सर्वांत शेवटी लागतो.

यात लेखकाचा वाटा मोठा आहे. पु. लं.ना महाराष्ट्राने विनोदी लेखक म्हणून डोक्यावर घेतले. पण त्यांच्या हास्याच्या तळाशी काय असते हे सावध वाचकाला नेहमीच दिसले आहे. 'बटाट्याची चाळ' हसवीत हसवीत अखेर एका चिंतनाशी येऊन थांबते. 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा हा रत्नागिरीचा तिरकस म्हातारा. त्याच्या प्रत्येक वाक्याला आपण हसतो, आणि पुस्तक मिटल्यावर एका एकट्या, पिकल्या माणसाचे रिकामे घर मागे उरते. अंतू बर्व्याला निदान कोपऱ्यावरचा कट्टा तरी होता. आबूरावाकडे सारा महाराष्ट्र आहे आणि कट्टा नाही.

चित्रपट निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. तमाशाचा पूर्वार्ध जितका रसरशीत, तितका राजकारणाचा भाग पसरट झाला आहे. मुख्यमंत्र्याच्या दरबारातील प्रसंग स्वतंत्रपणे खुसखुशीत आहेत. परंतु तेथे आपण आबूरावाला विसरून व्यवस्थेवरील भाष्य ऐकत बसतो. मेनकेशी असलेले त्याचे नाते घाईने उरकल्यासारखे वाटते. ती का आली आणि का दुरावली, हे तिच्या बाजूने कळत नाही. त्यामुळे ती माणूस न राहता मोहाचे प्रतीक होऊन बसते. निळू फुले, दिलीप प्रभावळकर यांच्यासारखे नट हाताशी असताना त्यांच्या वाट्याला आणखी काही यावयास हवे होते, असेही वाटून जाते. कथेने एका माणसाच्या अंतःकरणात उतरावयाचे ठरविले होते, तर तिने वाटेत इतके थांबे घ्यावयास नको होते.

परंतु हे दोष चित्रपट कोसळण्याचे कारण नव्हेत. याहून ढिसाळ चित्रपट त्या काळी महिनोन् महिने चालले. कारण निराळे होते. प्रेक्षक 'लक्ष्या'ला पाहावयास गेले, आणि तेथे त्यांना लक्ष्मीकांत भेटला. हसावयास मिळावे म्हणून तिकीट काढलेल्या माणसाला विदूषकाने विचारले, 'माझे काय?' तो प्रश्न आपल्याला आवडला नाही.

इतर नटांकडे पाहिले म्हणजे हे अधिक उमगते. 1991 च्या 'चौकट राजा'त दिलीप प्रभावळकर यांनी वाढ खुंटलेल्या नंदूची भूमिका केली; प्रेक्षकांनी ती मनापासून स्वीकारली, कारण प्रभावळकरांचा एक ठरलेला चेहरा आपण बनविलेलाच नव्हता. अशोक सराफ यांनी 1994 च्या 'वजीर'मध्ये गंभीर भूमिका केली, आणि पुढे दीर्घ आयुष्यात त्यांच्या अभिनयाचे सर्व पैलू ओळखण्यास रसिकांना अवधी मिळाला. 2023 चा महाराष्ट्र भूषण आणि 2025 ची पद्मश्री हे त्या ओळखीचेच शिक्कामोर्तब. लक्ष्मीकांतला तो अवधी मिळाला नाही. 'विदूषक'नंतर तो पुन्हा आपल्या वेगाकडे परतला. 1993 च्या 'झपाटलेला'ने त्याला अफाट टाळ्या दिल्या; 1994 च्या 'हम आपके हैं कौन'ने देशभर पोहोचविले. तो भरपूर हसवीत राहिला. 16 डिसेंबर 2004 रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचे निधन झाले, तेव्हा त्याने नुकती पन्नाशी ओलांडली होती. वयाने पिकलेला लक्ष्मीकांत आपण पाहिलाच नाही. म्हातारपणाच्या भूमिकांत त्याने काय केले असते, याचा एकुलता एक पुरावा आपल्यापाशी उरला आहे, आणि तो आबूराव आहे.

हा अनुभव मराठी नटापुरता मर्यादित नाही. चार्ली चॅप्लिनने 1952 मध्ये 'लाइमलाइट' काढला. त्यातील कॅल्व्हेरो हा एके काळी गाजलेला आणि आता मद्याच्या आहारी गेलेला म्हातारा विदूषक आहे. प्रेक्षक त्याला विसरले आहेत. दिवस ढकलणे एवढाच त्याचा उद्योग. आयुष्याला विटलेल्या एका तरुण नर्तिकेला तो मरणाच्या दारातून परत आणतो, पुन्हा उभी करतो, आणि ती रंगमंचावर नाचत असताना पडद्याआड प्राण सोडतो. त्याच वर्षी चॅप्लिन जहाजाने इंग्लंडला निघाला असता अमेरिकेने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. ज्या देशाला त्याने चार दशके हसविले, त्या देशाला त्याचा गंभीर चेहरा सोसवला नाही. कॅल्व्हेरो आणि आबूराव या दोघांचीही अखेरची आशा एका लहानग्या किंवा दुबळ्या जिवाशी बांधलेली असावी, हा निव्वळ योगायोग नसावा. हजारोंचा हशा माणसाला तगवीत नाही. आपल्यामुळे एक माणूस सावरले, ही जाणीव तगविते.

आपल्या ख्रिस्ती परंपरेत नटांचा आश्रयदाता संत जेनेसियस मानला जातो. 25 ऑगस्ट हा त्याचा दिवस. परंपरा सांगते की तो रोमचा विनोदी नट होता. बादशहा डायोक्लेशियनपुढे ख्रिस्ती स्नानसंस्काराची टवाळी करणारे प्रहसन तो रंगवीत होता. अंगावर पाणी पडले आणि सोंग करता करता तो अंतर्बाह्य पालटला. मी आता खरे बोलतो आहे, असे तो सांगू लागला. पण लोकांना वाटले, हाही विनोदच, आणि ते आणखी हसले. कळले तेव्हा त्याचा शिरच्छेद झाला. सेमिनरीत असताना ही कथा आम्ही धर्मांतराची कथा म्हणून वाचली होती. आता वाटते, तीत आणखी एक वेदना आहे. ज्याने आयुष्यभर हसविले, त्याचे खरे बोलणे ऐकावयास कुणी तयार नसते.

आता आण्णांकडे वळू. दुसऱ्या रात्री चित्रपट संपला, तेव्हा खोलीत यजमान, त्यांची पत्नी, आम्ही आणि आण्णा एवढेच उरलो होतो. यजमानांनी सांगितले, आण्णा तरुणपणी गावच्या यात्रेत सोंगाड्याचे काम करीत. या भोर तालुक्याच्या मातीला विनोदाचे वावडे नाही. 1971 च्या 'सोंगाड्या'ने महाराष्ट्र गाजविणारे दादा कोंडके यांचे मूळ गाव इंगवली हे याच तालुक्यातले. त्या दादांनीही उतारवयात जी आपली कहाणी अनिता पाध्ये यांच्याकडे सांगितली, तिचे नाव 'एकटा जीव' आहे! आण्णांची यात्रेतली कामे कधीच सुटली. शेती मुलांकडे गेली. सकाळी पारावर, दुपारी ओट्यावर, संध्याकाळी ज्याच्या घरी दिवा दिसेल तेथे, असा त्यांचा दिनक्रम. जातील तेथे लोक म्हणतात, "आण्णा, होऊन जाऊ द्या एखादी!" आणि आण्णा होऊ देतात.

आम्ही विचारले, "आण्णा, कसा वाटला चित्रपट?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, ह्या गड्यानं खोटं काय केलं न्हाई बगा. हसवणाऱ्याला समदे म्हंत्यात, आजून एक सांग. जेवलास का, आसं कुनी इचारत न्हाई." एवढे बोलून त्यांनी टोपी नीट केली आणि उठता उठता यजमानीणबाईंच्या चहावर एक कोटी केली. आम्ही सारे हसलो. ते बाहेर पडल्यावर ध्यानात आले की आम्हीही विचारले नव्हते. दोन रात्री ते आमच्यासोबत बसले होते. ते कोणासोबत राहतात, रात्रीचे जेवण कोण वाढते, याची चौकशी करण्याचे आमच्या मनात आले नाही. ते हसवीत होते, तेव्हा ठीकच असणार, असे आम्ही गृहीत धरले होते. माणसांची विचारपूस करणे हे ज्याचे व्रत, त्याच्याकडून हे घडावे, याची लाज वाटली.

मुले का उठून गेली, याचे उत्तर आम्हांस तेव्हा मिळाले. ती लहान आहेत. विदूषकाने हसवावे एवढेच त्यांना माहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. 1992 मध्ये मात्र उठून गेलो ते आपण प्रौढ होतो.

समीक्षेचे काम कलाकृतीचे गुणदोष सांगणे हे खरेच. या चित्रपटाबाबत ते काम अर्धेच राहते. उरलेले अर्धे प्रत्येक घराने करावयाचे आहे. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात, प्रत्येक कुटुंबात एखादा आबूराव असतो. लग्नाच्या मांडवात तोच सर्वांना हसवितो, नाताळच्या कार्यक्रमात माईक त्याच्याच हाती असतो, मयताच्या घरातही तिसऱ्या दिवशी तोच कोंडी फोडतो. वय होते, नोकरी संपते, जोडीदार जातो. त्याच्या कोट्या चालू राहतात म्हणून आपण निश्चिंत असतो. चित्रपट अवश्य पाहावा; आता तो घरबसल्या पाहता येतो. सोबत घरातल्या त्या माणसालाही बसवावे. आणि चित्रपट संपल्यावर 'आणखी एक होऊन जाऊ द्या' असे न म्हणता त्याचे पान वाढून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी आम्ही आण्णांच्या ओट्यावर गेलो. "आण्णा, न्याहारी झाली का?" असे विचारले. त्यांनी आमच्याकडे नीट पाहिले. एकही कोटी केली नाही. "न्हाई अजून," ते म्हणाले, "बसा की." आम्ही बसलो. पुण्याची गाडी त्या दिवशी आम्ही उशिराची पकडली.